पेत्रोविचच्या तीन मॅच

संघाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं, की माझा नातू अर्ध्या मिनिटात मोबाइल काढेल, त्या साली कोण जिंकलं, कोणी किती गोल मारले हे सगळं माझ्या तोंडावर फेकेल आणि म्हणेल, "आजी, इतनी सी बात के लिए इतना लंबा?" हो बाबा, इतक्याशा गोष्टीसाठी एवढं लांब. आमच्या ऑफिसातले सर म्हणायचे, "पेपर वरून खाली वाचाचा अस्ते, पोरी. खालून वर फक्त झाड चढतेत."

मी त्या काळी झाडच चढायचे. ते पुढे येईलच.

छत्तीसगड राज्य व्हायला तेव्हा अजून अवकाश होता. भिलाई मध्य प्रदेशात होती आणि भिलाईत रशियन साहेब होते. बाजारातली बटाटेवाली रशियनमध्ये एक ते वीस मोजायची आणि एकवीस आलं की छत्तीसगडीत शिरायची. मी बावीस वर्षांची, कारखान्याच्या अनुवाद विभागात टायपिस्ट. बाबा कारखान्यातच कोक ओव्हनच्या भट्टीवर होते, म्हणून नोकरी लवकर लागली. पण मला वाटायचं, माझ्या हुशारीमुळे लागली. दोन वेण्या सोडून नुकताच अंबाडा घालू लागले होते आणि जगातली सगळी अक्कल त्या अंबाड्यात गुंडाळून ठेवली आहे, असा माझा पक्का समज होता.

सर आमच्या विभागाचे दुभाषी. भंडाऱ्याकडचे, वडील रेल्वेत गँगमन. लग्न केलेलं नव्हतं. आमच्याच सडकेवर, आमच्यापासून चौथ्या क्वार्टरात राहायचे. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली दोन घड्याळं. एक आपल्या वेळेचं. दुसरं त्या परक्या पोलादाच्या गावचं, जिथे ते अकरा महिने ट्रेनिंगला राहून आले होते. सर उठायचे आपल्या घड्याळाप्रमाणे आणि झोपायचे तिथल्या घड्याळाप्रमाणे. त्यामुळे ऑफिसात कायम डोळे सुजलेले. कोणी विचारलं तर म्हणायचे, "काय करू, इकडं झोपाची वेळ होते तवा तिकडं कुठं दिवे लागून राहते."

त्या गावात त्यांना एक मित्र मिळाला होता. पेत्रोविच. रूळ बनवणाऱ्या रोलिंग मिलमधला फोरमन, सरांपेक्षा चारपाच वर्षांनी मोठा, तरुणपणी कारखान्याच्या संघाचा गोलकीपर. चेंडू अडवताना डाव्या हाताची करंगळी मोडली ती वाकडीच राहिली, आणि रुळांचा आकार समजावून सांगताना तो ती करंगळीच दाखवायचा म्हणे. गावात एक फुटबॉल क्लब होता, देशाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये कसाबसा टिकून असलेला. पेत्रोविच दर मॅचला सरांना घेऊन जायचा. थंडीत कुडकुडणारा हा हिंदुस्थानी पाहून त्याच्या बायकोनं एक राखाडी मफलर विणून दिला. सर परत आले ते तो मफलर आणि तो क्लब गळ्यात घालून.

पेत्रोविच महिन्याला एक पुडकं पाठवायचा. त्यात तिथल्या खेळाच्या पेपरचे चारपाच अंक. प्रत्येक अंक वेगळा गुंडाळलेला, दोऱ्यानं बांधलेला, वर पेन्सिलीनं क्रमांक. पुडकं येता येता दोन महिने जुनं व्हायचं. दुसरा कोणी असता तर आल्याबरोबर सगळे फाडून शेवटचा निकाल पाहिला असता. सर दर रविवारी एकच अंक उघडायचे. तिकडे दोन मॅचमध्ये आठवडा गेला, तर इकडेही आठवडा जायलाच पाहिजे. अख्खा मोसम ते असा दोन-तीन महिने मागून, पण घाई न करता जगायचे.

हे सोपं नव्हतं. भिलाईत शेकडो रशियन होते आणि त्यांना रेडिओवर निकाल त्याच दिवशी कळायचा. सरांची तर नोकरीच त्यांच्याशी बोलायची! सर कुठल्याही बैठकीला बसताना आधी उजवा हात वर करायचे आणि रशियनमध्ये एक वाक्य म्हणायचे. आम्हाला वाटायचं, काही अभिवादन असेल. त्याचा अर्थ होता, "कृपया फुटबॉल नको." एकदा मोठ्या साहेबांच्या खोलीत रुळांच्या तपासणीवरून गंभीर चर्चा चालली होती. एक नवा रशियन इंजिनिअर, बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं, आनंदानं काहीतरी सांगू लागला. सर ताडकन उठले, दोन्ही कानांत बोटं घातली आणि व्हरांड्यात निघून गेले. आत मोठे साहेब आणि तो इंजिनिअर एकमेकांकडे पाहत बसले. दहा मिनिटांनी सर परतले, बसले, म्हणाले, "सॉरी सर, भाषांतर करता येत नाही असा विषय निघाला होता."

मेमो मिळाला. सरांनी त्याचंही रशियन भाषांतर करून फाइलला लावलं.

रविवारी सकाळी त्यांच्या घरी बुद्धवंदना व्हायची आणि मग अंगणात मॅच. सर खुर्चीवर, समोर चटयांवर सडकेवरची माणसं. नंदिनी गावच्या खाणीतले दोघं-तिघं तर सायकल मारत यायचे. सर एक ओळ रशियनमध्ये वाचायचे आणि मग आपल्या भाषेत. बातमीत पाऊस असला तर छत्री उघडून बसायचे. जानेवारीचं कोरडं ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि हा माणूस छत्रीखाली बसून सांगतोय, "मैदानात पानीच पानी हाये. बॉल पुढं जाऊन नाही राहिला."

परदेशी नावं कोणाच्या ध्यानात राहणार? म्हणून सरांनी संघांचं बारसं करून टाकलं होतं. राजधानीवाले ते दिल्लीवाले, राजधानीतलाच फौजेचा संघ तो पलटणवाले, समुद्राकाठचे विशाखापट्टणम, डोंगरातले बस्तरवाले. आणि पोलादाच्या गावचा संघ म्हणजे नुसतं 'आपण'. व्हरांड्याच्या चुन्याच्या भिंतीवर कोळशानं कोष्टक काढलेलं असायचं. नळावर बायका बोलायच्या, "या रविवारी आपलं विशाखापट्टणमशी हाये म्हनते. कसं होते तं!"

ऑफिसातले तरुण त्यांना पाठीमागे 'बासी पेपर' म्हणायचे. नाव मीच ठेवलं होतं, कबूल करते. आमचा म्हातारा छत्तीसगडी चपराशी ते ऐकून हसला नाही. रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी 'बासी' म्हणून खाणारा माणूस तो. म्हणाला, "बासीच मा सुवाद रहिथे, नोनी."

आता त्या मोसमाचं सांगते. आदल्या वर्षी 'आपण' खालच्या लीगमध्ये जाता जाता वाचलो होतो. त्या वर्षी सुरुवातीलाच दोन मॅच हरलो, दिल्लीवाल्यांनी तर चार गोल चढवले. सरांनी पेत्रोविचला पत्र लिहिलं, "तुमचा गोलकीपर म्हणजे पिठाची चाळणी आहे." तिकडे चाळणी समजणार नाही म्हणून चित्र काढलं, वरून पडणारा चेंडू आणि खाली निघालेले चार चेंडू. ते चित्र त्यांनी आम्हा सगळ्यांना दाखवलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तो गोलकीपर पोरगा असताना पेत्रोविचनंच हाताशी धरून तयार केलेला होता, हेही त्यांनीच सांगितलं. "झोंबन त्याले," म्हणाले. "झोंबू दे."

आणि मग कुणास ठाऊक काय झालं, 'आपण' जिंकायला लागलो. एक, दोन, सहा मॅच. कोळशाच्या कोष्टकात 'आपण' तळातून वर सरकू लागलो. वर लिहायला सरांना स्टूल लागायचं, आणि त्यांनी स्टुलावर पाय ठेवला की अंगणात टाळ्या. माझ्या घरात माझी आई, जिनं जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, ती 'आपण' जिंकावं म्हणून गुरुवार करू लागली. मी तिला सांगितलं, "आई, ते सगळं दोन महिन्यांआधीच होऊन गेलं. आता उपास करून काय होते?" आई म्हणाली, "तुले काय करा लागते? देवाले काय तारीख समजते?"

पुडकी ऑफिसच्या पत्त्यावर यायची आणि डाक मी घ्यायची. मोसमाचं शेवटचं पुडकं आलं तेव्हा पाच मॅच उरल्या होत्या आणि 'आपण' दुसऱ्या नंबरवर होतो. माझी आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीची पैज लागली होती. मी म्हटलं होतं, जिंकत नाहीत. जी हरेल तिनं गुपचूप, म्हणजे तिकडची पाणीपुरी, खाऊ घालायची, पोट फुटेपर्यंत. शिवाय मी सरांच्या संध्याकाळच्या वर्गात सहा महिने रशियन शिकत होते आणि आपल्याला ती भाषा येते असं मला वाटू लागलं होतं. पुडकं माझ्या हातात. सर मिलमध्ये गेलेले. चहाची किटली वाफ सोडत होती.

चपराशी म्हणाला, "का करत हस, नोनी?" मी म्हटलं, "काही नाही, तिकीट काढून राहिली."

वाफेवर कागद सुटला. पाच अंक. मी सरळ पाचवा उघडला, खालचं कोष्टक पाहिलं. सगळ्यात वर 'आपण'. मी टेबलावर बुक्की मारली. पैज हरले होते, तरी नाचावंसं वाटलं. पेपर परत गुंडाळताना त्याच्या घडीतून एक पत्र खाली पडलं.

दोन पानं. बाईचं अक्षर. सरांचं नाव, मग पेत्रोविचचं नाव आणि पुढे चौथ्या ओळीत एक शब्द, जो मला येत नव्हता. सरांच्या वर्गात आम्ही जिंकणे शिकलो होतो, हरणे, बरोबरी, पाऊस, कोपरा. त्यांच्या वर्गात कोणी मरत नसे. फार तर जखमी होऊन बाहेर बसे. मी विभागातला जाडा शब्दकोश काढला. तो धातूंचा. त्यात भट्टी विझणे होतं, साचा तडकणे होतं, रूळ वाकणे होतं. हा शब्द नव्हता.

संध्याकाळी बाजारात एक रशियन बाई बटाटे घेत होती. मी शब्द चिठ्ठीवर उतरवून नेला होता, तिच्यापुढे धरला. तिनं वाचला, माझ्याकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. तिला वाटलं, माझंच कोणी गेलं.

तिथे मला कळलं. पत्र मी तिथून पुढे वाचलं नाही. हिंमत नव्हती आणि खरं सांगायचं तर तेवढी रशियन येतही नव्हती. निकाल मात्र पूर्ण वाचून झाला होता.

मी विचार केला (म्हणजे अंबाड्यानं विचार केला), की पाच रविवार जाऊ देऊ. सरांची एवढी मोठी लीग होऊन जाऊ दे, मग सांगू. पत्र काढून घेतलं, पुडकं डिंकानं चिकटवलं आणि सरांच्या हातात दिलं. सरांनी ते कानाशी धरून हलवलं, नेहमीसारखं.

पहिला रविवार, दुसरा रविवार, दोन्ही जिंकलो. तिसऱ्या रविवारी सरांनी अंक हातात घेतला आणि वरचा क्रमांक पाहून थांबले. पहिल्या दोन अंकांवर पेत्रोविचचं अक्षर होतं. तिसऱ्यावर वेगळं. आता सांगावं, असं वाटलं. तेवढ्यात सर म्हणाले, "अक्षर वहिनीचं दिसते. थंडी सुरू झाली ना तिकडं, त्याची करंगळी दुखून राहिली असन." आणि दोरा सोडला.

ते सांगायचं दार असं माझ्या डोळ्यांसमोर उघडलं आणि मिटलं.

शेवटची मॅच पलटणवाल्यांशी, होळीच्या आधीच्या रविवारी वाचली गेली. बातमीत बर्फ होता म्हणून सरांनी मार्च महिन्यात मफलर गुंडाळला, कानटोपी घातली. घाम कपाळावरून कागदावर पडत होता. 'आपण' एका गोलनं पुढे, मॅच संपायला पाच मिनिटं आणि पलटणवाल्यांना पेनल्टी मिळाली. सर वाचता वाचता उभे राहिले. "अन् आपली चाळणी, बाप्पा... उजवीकडं... घार झपटते ना पिलावर, तशी..."

अडवला.

अंगणातून जो आवाज निघाला, तो ऐकून पुढच्या सडकेवरून माणसं धावत आली, कोणाच्या घरी काही झालं का म्हणून. नंदिनीवाल्यांनी सरांना खांद्यावर घेतलं. होळीला पाच दिवस होते, पण गुलाल त्याच दिवशी निघाला. माझ्या आईनं जिलेबी वाटली. सर खांद्यावरून ओरडून मला म्हणाले, "पोरी, तू कावून रडून राहिली? जिंकलो ना आपण!" सगळे हसले. मीही हसले. नाक पुसत म्हटलं, "गुलाल गेला डोळ्यात."

दुसऱ्या दिवशी सर सात पानी पत्र घेऊन आले. पाकिटावर पत्ता रशियन टाइपरायटरवर हवा होता. त्यांचं अक्षर तिकडच्या पोस्टाला लागत नाही म्हणायचे. मी मेलेल्या माणसाचं नाव टाइप केलं. गल्ली, घर, गाव. एकही चूक नाही. हात थरथरले असते तर निदान मला माझ्याबद्दल बरं वाटलं असतं.

उत्तर आलं नाही. कुठून येणार? नवा मोसम सुरू झाला, पुडकं आलं नाही. सर रोज दुपारी माझ्या टेबलाशी येऊन थांबायचे. "डाक?"

"नाही, सर."

शब्द खरा होता, म्हणणारी खोटी. सरांनी आणखी दोन पत्रं लिहिली, दोन्हींचे पत्ते मी टाइप केले. तिसऱ्या पत्रानंतर ते स्वतःशी बोलल्यासारखं बोलले, "रुसला तो. चाळणी म्हटलं ना मी त्याच्या पोराले. वरून चित्र बी काढलं. मी बी ना... माणसाचं काम माहीत असून असं बोलाव का?"

मी टाइपरायटरमध्ये कागद घालत राहिले.

रविवारच्या मॅच बंद झाल्या. भिंतीवरचं कोष्टक त्यांनी पुसलं नाही, पण पावसाळ्यानं हळूहळू नेलं. दुसरं घड्याळ बंद पडलं, त्याला चावी दिली नाही. लोक म्हणायचे, सर आता सुधारले. ऑफिसात डोळे सुजलेले नसायचे. बैठकीत हात वर करायचे नाहीत. कोणी रशियन फुटबॉलवर बोलला तर त्याचंही जसंच्या तसं भाषांतर करून मोकळे व्हायचे. मोठे साहेब खूश होते. दुपारी मात्र न चुकता, "डाक?"

पहिल्या वर्षी मी भ्याले म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी, आता एवढ्या उशिरा कसं सांगायचं म्हणून. तिसऱ्या वर्षी कारणही उरलं नव्हतं, नुसती सवय. माझं लग्न झालं, पत्र माझ्याबरोबर ट्रंकेतून सासरी आलं. चौथ्या वर्षी सर रिटायर झाले आणि क्वार्टर सोडून भिलाईजवळच्या कुम्हारीला हायवेच्या मागे दोन खोल्या घेऊन राहायला गेले. निरोपाच्या दिवशी हार गळ्यात असताना त्यांनी मला विचारलं, "माह्या मागून काही आलं, तं पाठवशीन ना कुम्हारीले?" मी म्हटलं, "हाव, सर."

मला सुटका झाल्यासारखी वाटली, बघा. इतकी मी शहाणी.

एके दिवशी आमच्या ह्यांनी शालूला डांबराच्या गोळ्या टाकायला ट्रंक उघडली आणि शालूखाली त्यांना रशियन पत्र सापडलं. दोन पानी, नाजूक अक्षरातलं. ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "हे कोनाचं पत्र होय? कोन्या साहेबाचं?" मी हसायला लागले आणि हसता हसता जी रडायला लागले, ती थांबेचना. सगळं सांगितलं. हे भट्टीवर काम करणारे, बोलायला मोजके. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेबाचं असतं तं बरं झालं असतं. चाल, मी गाडी काढतो."

रविवार होता, एप्रिल संपत आलेला. कुम्हारीला स्कूटरनं पोचेपर्यंत मी मनात वाक्य जुळवत होते. पोचल्यावर एकही आठवलं नाही. सर अंगणात नळावर बादली भरत होते. "अरे! ये पोरी. डाक आली का?"

मी म्हटलं, "हाव, सर. आली. चार वर्षांआधी आली."

आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. किटली, वाफ, पाचवा अंक, बटाटे घेणारी रशियन बाई, सगळं. बादली भरून वाहत होती. ह्यांनी पुढे होऊन नळ बंद केला.

हायवेवरून ट्रकमागून ट्रक जात होते. मी पत्र पुढे धरलं, सरांनी घेतलं नाही. मग म्हणाले, "तू खालून वर वाचलं."

एवढंच. त्याहून जास्त ते मला कधी रागावले नाहीत, आणि तेवढं अजून पुरलं आहे.

आत गेले, पेटी ओढण्याचा आवाज आला. बाहेर आले ते पाच अंक घेऊन. चार वर्षं जपलेले, क्रमांकाच्या पट्ट्यांसकट. खाटेवर मांडले. एक आणि दोनवर पेत्रोविचचं अक्षर. तीन, चार, पाचवर दुसरं. सरांनी बोट ठेवत मोजलं.

"म्हंजे तीन मॅच राहिल्या त्याच्या," म्हणाले.

"सर, पत्र..."

"ठेव तिथं. ते पाचव्या पेपरात होतं ना? मंग पाचव्याच्या मागून."

त्यांनी एक खुर्ची समोर ठेवली, रिकामी. बुद्धापुढे उदबत्ती लावली. तिसरा अंक घेतला आणि वाचायला लागले. फक्त रशियनमध्ये. आमच्यासाठी एका शब्दाचंही भाषांतर केलं नाही; ती मॅच आमच्यासाठी नव्हतीच. हे दाराशी उकिडवे बसले, मी उंबऱ्यावर. संपल्यावर सरांनी अंकाची घडी घातली.

"पुढची?" मी विचारलं.

"पुढच्या रविवारी." आणि माझ्याकडे पाहिलं. "यावं लागन तुले. सुरू तू केलं."

पुढच्या रविवारी गेलो. त्याच्या पुढच्याही. पाचव्या अंकाच्या दिवशी मे महिन्याचं ऊन पत्र्यावरून खाली वितळत होतं. सरांनी कानटोपी घातली होती, मफलर गुंडाळला होता. तिकडे बर्फ होता ना. ते खूप सावकाश वाचत होते, एकेक ओळ ठेवल्यासारखी. पेनल्टीशी आले तेव्हा उभे राहिले, पुढे वाकले आणि रिकाम्या खुर्चीला अगदी हळू आवाजात सांगितलं. कानात सांगावं तसं.

मग बसले, घाम पुसला आणि हात पुढे केला. मी पत्र दिलं.

ते त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि सवयीनं एकेक ओळ आपल्या भाषेत सांगत गेले. जन्मभराचा दुभाषी माणूस, दुसऱ्याचं दुःख सांगायचं तसं स्वतःचं सांगत होता. पेत्रोविच कामावरून आला आणि बूट काढता काढता गेला. दोन अंक त्यानं बांधून ठेवले होते, उरलेले तीन मी आणले, क्रमांक मी घातले, चुकले असतील तर माफ करा, मला त्यातलं कळत नाही. आता हे कारखान्याचं घर सोडावं लागतंय, मी लांब मुलीकडे चालले. नवा पत्ता खाली दिला आहे. तुम्ही लिहिलंत तर बरं वाटेल.

पत्ता खाली होता. चार वर्षं तो माझ्या शालूखाली घडी होऊन पडला होता आणि मी जुन्या पत्त्यावर सरांची पाकिटं न चुकता टाइप करत होते.

दुसरं पान उलटून सर पुढे वाचू लागले आणि एका ओळीवर अडकले. पुन्हा मागे गेले. पुन्हा वाचलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"काय लिहिलं, सर?"

"वहिनी लिवते..." त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं. "वहिनी लिवते, का तुमचं चित्र त्यानं मिलमध्ये कपाटाच्या दारावर लावलं होतं. येईन त्याले दाखवे. अन् जायच्या दोन दिवसाआधी मले म्हने, पुडकं बांधशीन तं त्या हिंदुस्थान्याले माह्याकडून एक लिव." सर थांबले. "लिव का, चाळणीत पानी थांबून राहिलं."

ह्यांनी तोंड दुसरीकडे केलं. चार वर्षं हा माणूस स्वतःला बोल लावत झुरला होता आणि त्याची सुटका पहिल्या दिवसापासून माझ्या ट्रंकेत होती, चौथ्या ओळीच्या खाली.

सर उठले. स्वयंपाकघरात गेले आणि खिळ्यावरची पिठाची चाळणी घेऊन बाहेर आले. मफलर तसाच, कानटोपी तशीच. अंगणात नळाशी उभे राहिले, चाळणी खाली धरली आणि नळ सोडला. पाणी धो धो चाळणीतून खाली, त्यांच्या पायांवर. चपला भिजल्या, धोतराचा काठ भिजला. ते बघत होते, मान वाकडी करून, बारीक डोळ्यांनी, जसं मिलमधून निघालेल्या रुळाकडे बघायचे.

"पोरी, पाह्य," म्हणाले. "थांबून राहिलं का?"

मी जवळ जाऊन पाहिलं. चार वर्षं रोज दुपारी म्हटलेला शब्द तोंडात आला. या वेळी तो म्हणताना मी खाली पाहिलं नाही.

"नाही, सर."

"पाहत राय," सर म्हणाले आणि नळ आणखी थोडा सोडला.